मुंबई ते लंडन : विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

मुंबईहून दुपारी २ वाजता निघणारे विमान लंडनला संध्याकाळी ६ वाजता पोहोचेल, असे हिवाळ्यातल्या तिकिटावर छापलेले असले, तर प्रवास चार तासांचा आहे असा समज पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाचा सहज होतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते. म्हणून आधी अंतर, मग उड्डाणाचा वेळ आणि शेवटी घड्याळातला फरक, असा क्रम ठेवावा.

अंतर भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये, कारण गोल पृथ्वी कागदावर पसरताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो. शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा आणि विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी. ती १०० सेंटिमीटर भरली, तर पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्याने १ सेंटिमीटर म्हणजे ४०० किलोमीटर होतात. आता मुंबई आणि लंडन यांमध्ये दोरा ताणून धरला, की तो साधारण १८ सेंटिमीटर भरतो, म्हणजेच अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. अक्षांश-रेखांशांवरून त्रिकोणमितीने काढलेले उत्तरही एवढेच येते. हाच दोरा मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंत ताणून अवश्य पाहावा : तो आर्क्टिक वर्तुळाच्या जवळपर्यंत वर चढतो, आणि अंतर साडेबारा हजार किलोमीटर भरते.

मोठी जेट विमाने उंचीवर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडतात, त्यामुळे ७,२०० किलोमीटरना आठ तास लागतात. त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि मार्गातली वळणे यांसाठी साधारण तासभर मिळवावा. पश्चिमेकडे जाताना उंचावरचे जोरदार पश्चिमी वारे समोरून येतात, म्हणून लंडनला जाताना साडेनऊ तासांच्या आसपास धरावे. परतताना तेच वारे पाठीशी असल्याने वेळ कमी लागतो. हवाई हद्द बंद झाल्यास मात्र हा हिशेब बदलतो. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपली हद्द भारतीय विमानांसाठी बंद केली, तेव्हा विशेषतः दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना लांबचा वळसा घ्यावा लागला.

शेवटी घड्याळ. हिवाळ्यात भारत लंडनच्या साडेपाच तास पुढे असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा होतो. दुपारी २ मध्ये साडेनऊ तास मिळवले, की भारतात रात्रीचे साडेअकरा वाजतात. त्यातून साडेपाच तास वजा केले, की लंडनचे संध्याकाळचे ६ येतात. उन्हाळ्यात हेच उत्तर ७ होईल. आईवडिलांच्या औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घेताना त्यांना हे साडेनऊ तास सांगावेत, तिकिटावरचा चार तासांचा फरक नव्हे.

वाटेत दुबई किंवा दोहा येथे विमान बदलायचे असेल, तर दोन्ही टप्पे वेगवेगळे काढून मधला थांबा त्यांत मिळवावा.