ऑनलाइन पदवीची मान्यता कशी तपासावी, आणि फसवणूक झालीच तर तक्रार कशी करावी

‘एका वर्षात ग्रॅज्युएशन’, ‘वन सिटिंग’, ‘बॅकडेटची सोय’ यातलं काहीही ऐकू आलं तर फोन ठेवा. तीन वर्षांची पदवी एका वर्षात देण्याची तरतूद आपल्याकडे नाही. पण सराईत ठग असं उघड बोलत नाहीत, ते प्रमाणपत्रं दाखवतात. आयएसओ, उद्यम नोंदणी, ट्रस्टची नोंदणी ही सगळी कागदपत्रं खरी असू शकतात, मात्र पदवी देण्याचा अधिकार त्यांतून मिळत नाही. नव्या प्रवेशासाठी ‘डीईसी मान्यताप्राप्त’ असं कोणी सांगत असेल तर सावध व्हा. डीईसी, म्हणजे दूरस्थ शिक्षण परिषद, २०१३ मध्येच बरखास्त झाली.

१. विद्यापीठ खरं आहे का? यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी फक्त केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते. यूजीसीच्या संकेतस्थळावर या विद्यापीठांच्या याद्या आहेत. तिथे नाव स्वतः शोधा, समुपदेशकाने पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. बनावट विद्यापीठांची यादीही तिथेच आहे. नागपूरचं ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’ हे नाव त्यात वर्षानुवर्षं आहे. मात्र बनावट यादीत नाव नाही म्हणजे संस्था खरी, असं समजू नका. लोक हीच चूक सर्वांत जास्त करतात. नाव मान्यताप्राप्त यादीत सापडलं पाहिजे. बेकायदा ‘विद्यापीठ’ म्हणवून घेण्याबद्दल या कायद्यात दंड आहे तो जास्तीत जास्त १,००० रुपये, त्यामुळे त्याची जरब बसत नाही.

२. तोच अभ्यासक्रम, त्याच पद्धतीने, त्याच सत्रात मंजूर आहे का? खरी गोम इथे असते. विद्यापीठ अस्सल असतं, पण जो अभ्यासक्रम तुम्हाला विकला जातोय त्याला परवानगीच नसते. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर वर्ष आणि सत्र निवडून विद्यापीठाचं नाव काढा. दूरस्थ आणि ऑनलाइन या दोन वेगळ्या मान्यता आहेत. दूरस्थ बीकॉमला परवानगी असली म्हणून ऑनलाइन बीकॉमलाही असेलच असं नाही, आणि गेल्या वर्षीची परवानगी यंदा असेलच असंही नाही. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांची पदवी ऑनलाइन मिळत नाही. पीएचडीही नाही, मग एडटेक कंपनीने परदेशी विद्यापीठाचं नाव पुढे केलं तरी.

३. संकेतस्थळाचा पत्ता शेवटपर्यंत वाचा. ‘.एसी.इन’ हा पत्ता आपल्याकडे शैक्षणिक संस्थांसाठी राखून ठेवलेला आहे. नुसतं ‘.एसी’ मात्र असेन्शन नावाच्या बेटाचं डोमेन आहे आणि ते कोणीही विकत घेऊ शकतं. घाईत वाचताना दोन्ही सारखेच दिसतात.

४. डीईबी-आयडी, म्हणजे डीईबीकडचा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, स्वतः काढा. सप्टेंबर २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी तो लागतो. आधी डिजिलॉकरमधून एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी घ्यावा लागतो. ‘आम्ही करून देतो, फक्त ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला तो देऊ नका.

५. फी विद्यापीठाच्या खात्यातच भरा. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार फ्रँचायझीला बंदी आहे. ‘अधिकृत फ्रँचायझी’ अशी पाटी दिसली तर तेवढ्यावरूनच परत फिरा. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. प्रवेश सोडला तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत, आणि थकले की सिबिल बिघडतो. सही करण्याआधी कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव विचारून घ्या.

फसवणूक झालीच तर

सर्वांत आधी पुरावा जपा: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पावत्या. संकेतस्थळं रातोरात गायब होतात, म्हणून पान पीडीएफ करून ठेवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते.

तक्रारीचे शब्द जपून निवडा. शिक्षण ही ‘सेवा’ आहे का, यावर न्यायालयांचे निकाल उलटसुलट आहेत, त्यामुळे ‘शिकवणं वाईट होतं’ एवढ्यावर तक्रार टिकणं कठीण. मान्यतेचा खोटा दावा हा मुद्दा भक्कम आहे. बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेज विरुद्ध भूपेश खुराना खटल्यात (२००९) संलग्नता आणि मान्यता नसताना ती असल्याचं भासवून प्रवेश देणं ही सेवेतली त्रुटी ठरली आणि सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांची भरपाई कायम ठेवली. म्हणून तक्रारीत अमुक तारखेला अमुक शब्दांत मान्यता सांगितली आणि डीईबीच्या यादीत ती नाही, हे दोन्ही कागद शेजारी शेजारी लावा.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. हातात बनावट गुणपत्रिका आली असेल तर ती नोकरीच्या अर्जाला जोडू नका. जोडली तर बनावट दस्तऐवज वापरल्याचा गुन्हा तुमच्यावरच येऊ शकतो. ती मूळ पाकिटासकट पोलिसांकडे द्या आणि पोच घ्या.