विद्यार्थी चित्रकला स्पर्धेत प्रवेशिकेसाठी योग्य विभाग कसा निवडावा

कलास्पर्धेचा प्रवेश अर्ज भरताना विद्यार्थी आणि पालक नाव, इयत्ता, शाळेचा पत्ता हे रकाने काळजीने भरतात आणि ‘विभाग’ या रकान्यापाशी आले की जो शब्द ओळखीचा वाटेल त्यावर खूण करून मोकळे होतात. चित्र पूर्ण झाल्यानंतर निकालावर परिणाम करू शकणारा एवढा एकच निर्णय हातात उरलेला असतो, हे त्या घाईत लक्षात येत नाही. परीक्षक कोणतेही चित्र सुटे पाहत नाहीत. ते त्याच विभागातील इतर चित्रांशेजारी ठेवून पाहतात आणि त्या विभागाला लागू असलेल्या निकषांवरच गुण देतात. जलरंगातले सुरेख निसर्गचित्र संकल्पचित्रांच्या गठ्ठ्यात गेले, तर त्यातले रंग कितीही ताजे असले तरी आकारांची पुनरावृत्ती, समतोल आणि आलंकारिक रचना शोधणाऱ्या परीक्षकाला तेथे गुण द्यायला फारसे काही सापडत नाही. आपल्या चित्राचे बलस्थान कोणत्या कसोटीवर दिसून येईल, हे ठरवणे म्हणजेच विभाग निवडणे.

पहिली पायरी: विभागणी कशावरून केली आहे ते ओळखा

सर्वप्रथम स्पर्धेचे माहितीपत्रक पूर्ण वाचावे आणि आयोजकांनी विभाग कशाच्या आधारे पाडले आहेत ते शोधावे. काही स्पर्धा केवळ वयोगटानुसार किंवा इयत्तेनुसार विभाग करतात, काही माध्यमानुसार, काही चित्रप्रकारानुसार, तर काही कलाकृतीच्या हेतूनुसार. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द महाराष्ट्रातील शाळांत रुळलेले आहेत, आणि स्थानिक स्पर्धांचे आयोजकही बहुधा तीच भाषा वापरतात. ही चित्रप्रकारानुसार झालेली विभागणी होय. कला संचालनालयातर्फे भरणाऱ्या महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात रेखा व रंगकला, शिल्पकला, उपयोजित कला (भित्तिपत्रक, जाहिरात यांसारखे काम) असे गट असतात. तेथे शिक्षणशाखा आणि कलाकृतीचा हेतू महत्त्वाचा ठरतो. एकाच अर्जात दोन आधार मिसळलेलेही आढळतात, जसे ‘गट ब, इयत्ता आठवी ते दहावी, माध्यम : जलरंग’. अशा वेळी इयत्तेचा भाग सरळ असतो, तो आधी भरून टाकावा. मात्र वय कोणत्या तारखेला मोजायचे आहे तेवढे पाहून घ्यावे.

मागील वर्षाचे पत्रक प्रमाण मानू नये. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा कला उत्सव २०१५ मध्ये सुरू झाला आणि तो नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असतो. त्यात काही वर्षे दृश्यकलेचे द्विमितीय आणि त्रिमितीय असे स्वतंत्र विभाग होते, शिवाय स्थानिक खेळणी व खेळ हा वेगळा विभाग होता. पुढे या विभागांची फेरमांडणी झाली. थोरल्या बहिणीने ज्या विभागात भाग घेतला तो धाकट्या भावाच्या वेळी त्याच नावाने असेलच असे नाही.

दुसरी पायरी: प्रधान माध्यम ठरवा

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो, कारण शाळकरी वयातील चित्रे क्वचितच एका माध्यमात राहतात. एक उदाहरण घेऊ. नववीतील एका विद्यार्थिनीने अर्ध्या इम्पीरियल आकाराच्या, म्हणजे साधारण १५ बाय २२ इंचांच्या कागदावर आठवडी बाजार काढला आहे. आकाश, झाडे आणि माणसे जलरंगात आहेत. विक्रेत्यांच्या पालांसाठी जुन्या साडीचे तुकडे चिकटवले आहेत. भाजीच्या पाट्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या विणून केल्या आहेत आणि शेवटी काळ्या शाईने काही ठिकाणी बाह्यरेषा दिली आहे. हे रंगचित्र, कोलाज (म्हणजे कापड-कागदाचे तुकडे चिकटवून केलेले चित्र) की मिश्र माध्यम?

कोणत्या साहित्याने किती जागा व्यापली आहे हे मोजून उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा कोऱ्या कागदाचे तुकडे घेऊन आधी कापड आणि वर्तमानपत्र असलेला भाग झाकावा व चित्र दुरून पाहावे. बाजाराची गजबज आणि माणसांच्या हालचाली तरीही जाणवत असतील, तर कापड ही केवळ सजावट आहे आणि चित्र मुळात जलरंगातले आहे. पाले झाकताच चित्र रिकामे पडत असेल, पण रंगवलेली माणसे झाकल्यावर मात्र तग धरत असेल, तर ते कोलाज आहे. कोणताही एक भाग काढला की दुसरा अर्थहीन होत असेल, म्हणजे रंगवलेल्या बाईचा पदर आणि चिकटवलेले कापड एकमेकांत विरघळले असतील, तर ‘मिश्र माध्यम’ हा विभाग तिला शोभेल. हा विभाग काहीच ठरत नसेल तेव्हा टाकायची टोपली आहे, असे अनेकांना वाटते आणि ते चुकीचे आहे. तेथे परीक्षक माध्यमांचा एकमेकांशी जुळलेला संबंधच तपासतात.

जलरंग विभागात पाठवायचे ठरले तर नियमात चिकटकामाला मनाई आहे का ते पुन्हा पाहावे. मनाई असेल तर कापड असलेले चित्र त्या विभागात बसणारच नाही, मग आपली कसोटी काहीही सांगो.

माध्यमाचे नाव लिहितानाही नेमकेपणा हवा. तैलखडू म्हणजे ऑइल पेस्टल आणि तैलरंग ही दोन वेगळी माध्यमे आहेत, पण अर्जावर नुसते ‘ऑइल’ लिहिलेले वारंवार दिसते आणि पाचवीतल्या मुलाचे खडूचित्र कॅनव्हासवरच्या तैलचित्रांत जाऊन पडण्याची वेळ येते. पोस्टर कलर, ॲक्रिलिक आणि पारदर्शक जलरंग तिन्ही पाण्यात मिसळतात, तरी त्यांची नावे वेगवेगळीच लिहावीत.

तिसरी पायरी: द्विमितीय की त्रिमितीय

कागदाच्या लगद्याचे, मातीचे किंवा पुठ्ठ्याचे थर देऊन केलेले उठावाचे काम या दोहोंच्या सीमेवर असते. काम भिंतीवर टांगून केवळ समोरून पाहायचे असेल आणि बाजूने पाहिल्यावर नवे काही कळत नसेल, तर ते द्विमितीयाच्या जवळचे आहे. बाजूने पाहताना आकार बदलत असेल, सावल्या कामाचा भाग होत असतील, तर ते शिल्पकलेकडे झुकते. असे उठावाचे काम, म्हणजे उत्थितशिल्प, कोणत्या विभागात धरायचे हे मात्र आयोजकांनीच सांगितलेले असू शकते आणि त्यांचा शब्द अंतिम असतो. काही स्पर्धा ही सीमा सरळ आकड्यांत सांगतात. अमेरिकेत १९८२ पासून माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या काँग्रेशनल आर्ट कॉम्पिटिशनमध्ये केवळ द्विमितीय कामे घेतली जातात आणि चौकटीसह त्यांचे माप २६ बाय २६ इंच, जाडी ४ इंच व वजन १५ पौंडांपेक्षा अधिक असून चालत नाही. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांनी चौकट करून घेण्यापूर्वीच हे माप कारागिराला सांगावे. आपल्याकडील स्पर्धांतही कागदाचा आकार ठरवून दिलेला असतो, आणि पाव इम्पीरियल सांगितलेले असताना अर्धा पाठवणे म्हणजे विभाग बरोबर असूनही बाद होणे.

चौथी पायरी: चित्रप्रकार ठरवताना नजर कोठे थांबते ते पाहा

विषयावरून विभाग असतील तर चित्रात काय काय काढले आहे याची यादी करू नये. नदीचा घाट, त्यावर धुणे धुणाऱ्या बायका आणि मागे देऊळ असे चित्र निसर्गचित्र असू शकते आणि प्रसंगचित्रही. बायका बोटभर उंचीच्या असून नजर पाण्यावरच्या उजेडाकडे जात असेल तर ते निसर्गचित्र. त्यांची वाकलेली पाठ आणि उगारलेले धोपटणे हाच चित्राचा गाभा असेल तर ते प्रसंगचित्र किंवा मानवाकृतींचे रचनाचित्र. शिलाईयंत्रावर बसलेल्या आईचे चित्र व्यक्तिचित्रात पाठवायचे असेल तर चेहऱ्यातले साम्य आणि स्वभाव दिसायला हवा. पाठमोरी आई आणि सभोवती पसरलेले कपडे असतील तर व्यक्तिचित्राच्या परीक्षकाची निराशाच होईल. घरातल्या दोघातिघांना चित्र काही सेकंद दाखवून ‘काय पाहिलेस?’ एवढेच विचारावे. पहिले उत्तर सहसा विश्वासार्ह असते.

स्मरणचित्राचा विभाग असेल तर छायाचित्र समोर ठेवून काढलेले चित्र तेथे पाठवणे योग्य नव्हे, जरी ते कोणाच्या लक्षात येणार नसले तरी.

लोककलेचा विभाग स्वतंत्र असेल तेव्हा अधिक सावध राहावे लागते. त्रिकोणी धडाची माणसे काढली की वारली चित्र झाले, अशी समजूत शाळांत फार पसरली आहे. वारली चित्रात गेरूच्या किंवा मातीच्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, लग्नाचा चौक, पालघट देवी, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच यांना वारली या आदिवासी समाजाच्या जगण्यात स्थान आहे. भिंतीवरची ही कला कागदावर आणून जगापुढे नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा काम कागदावर आहे हा काही दोष नाही. परंतु वारली आकृत्या वापरून ‘पाणी वाचवा’ असा संदेश लिहिला असेल तर ते भित्तिपत्रक आहे, आणि त्याच आकृत्यांची किनार चौकोनात पुन्हा पुन्हा मांडली असेल तर ते संकल्पचित्र आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथीसारख्या, चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या परंपरेवर काम केले असेल तरीही हाच विचार लावावा: आपण परंपरेच्या पद्धतीने कथा चितारली आहे, की तिचे डोळे आणि दागिने तेवढे उसने घेतले आहेत?

पाचवी पायरी: उपयोजित की शुद्ध कला

चित्रात अक्षरे असतील तर ती झाकून पाहावीत. अक्षरांवाचूनही चित्र पूर्ण वाटत असेल तर ते चित्रकलेच्या विभागात जावे, आणि खरे सांगायचे तर मग ती अक्षरे मुळातच लिहायला नको होती. अक्षरे गेल्यावर सांगणे अर्धवट राहत असेल तर ते भित्तिपत्रक किंवा जाहिरात आहे व तेथे अक्षरांची निवड, त्यांतले अंतर आणि संदेशाची स्पष्टता यांना गुण मिळतात. एखाद्या गोष्टीसाठी काढलेले बोधचित्र हेही उपयोजित कलेचेच काम आहे. स्वतंत्र विभाग असल्यास ते तेथे द्यावे आणि गोष्टीतील संबंधित ओळी सोबत जोडण्याची मुभा आहे का ते विचारावे.

डिजिटल कामाबाबत कागदावर छापून पाठवले म्हणजे ते रंगचित्र होत नाही. टॅबलेटवर हाताने काढलेले काम डिजिटल विभागात, कॅमेऱ्याने टिपून किरकोळ उजळवलेले काम छायाचित्रणात, आणि छायाचित्रावर इतके काम केले असेल की मूळ दृश्य ओळखू येत नाही, तर पुन्हा डिजिटल विभागात, अशी ढोबळ वाटणी धरता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयीचा नियम वेगळा शोधून वाचावा. थर (लेयर) असलेली मूळ फाइल जपून ठेवावी, कारण शंका आल्यास आयोजक तीच मागतात.

सहावी पायरी: दोन विभाग सारखेच योग्य वाटले तर

अशा वेळी प्रत्येक विभागाचे निकष समोर ठेवून आपल्या चित्राला स्वतःच कठोरपणे गुण द्यावेत आणि कलाशिक्षकांनाही वेगळे द्यायला सांगावेत. ‘त्या विभागात प्रवेशिका कमी येतात’ हे कारण अनेकांना मोहात पाडते, पण विभागात प्रवेशिका कमी असल्या तरी तेथे न बसणारे चित्र अधिकच उघडे पडते. त्याच वेळी, आधीच्या वर्षी पारितोषिक मिळालेली चित्रे पाहायला मिळाली तर जरूर पाहावीत; ‘रचनाचित्र’ म्हणजे आयोजकांना नक्की काय अपेक्षित आहे हे व्याख्येपेक्षा त्या चित्रांतून लवकर कळते. एकच चित्र दोन विभागांत पाठवणे नियमात स्पष्ट परवानगी असल्याशिवाय टाळावे. तरीही निर्णय होत नसेल, तर चित्राचे छायाचित्र, माप आणि वापरलेले साहित्य लिहून आयोजकांना मुदतीच्या पुरेशा आधी विचारावे. शेवटच्या दोन दिवसांत उत्तर मिळेल अशी आशा धरू नये.

निर्णय झाल्यावर अर्ज, चित्रामागे चिकटवायची चिठ्ठी आणि शाळेकडून जाणारी एकत्रित यादी या तिन्ही ठिकाणी विभागाचे नाव, माध्यम आणि शीर्षक अक्षरशः सारखे आहे का ते पडताळावे. अर्जावर ‘मिश्र माध्यम’ आणि चिठ्ठीवर ‘जलरंग’ असेल, तर चित्रे लावणारा स्वयंसेवक हाती असलेल्या चिठ्ठीप्रमाणेच गठ्ठा करतो. शीर्षकही विभागाशी विसंगत नसावे. निसर्गचित्रात पाठवलेल्या घाटाच्या चित्राला ‘माझी आजी’ असे नाव दिले तर परीक्षक आजीला शोधू लागतो. चित्र शाळेत जमा करण्यापूर्वी पुढच्या आणि मागच्या बाजूचे छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे चिठ्ठी निघून पडली तरी विभाग सिद्ध करता येईल.