आयटी सपोर्टची पहिली नोकरी : खान्देशातून निघण्याआधीची तयारी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बीसीए, बीएस्सी, डिप्लोमा नाहीतर आयटीआयची कोपा झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : आता कोणतं सर्टिफिकेट करू? सर्टिफिकेटमुळे रेझ्युमेकडे लक्ष जातं, एवढं खरं. निवड मात्र ‘युजरचा प्रिंट निघत नाही, काय कराल?’ या प्रश्नावर होते. म्हणून आधी चार-सहा महिने इथेच दुरुस्तीच्या कामात हात काळे करा, मग एकच परीक्षा द्या आणि त्यानंतर पुण्याचं तिकीट काढा. एमएस-सीआयटी सरकारी भरतीला उपयोगी आहे, सपोर्टच्या मुलाखतीत तिला वजन नाही.

हात काळे करायला जळगावचं गोलाणी मार्केट किंवा तुमच्या तालुक्यातलं कॉम्प्युटरचं दुकान पुरे. पगार नावापुरता मिळेल, तिथे घासाघीस करू नका. त्याऐवजी एक अट घाला : नुसतं काउंटरवर बसवायचं नाही, एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कॉलला सोबत न्यायचं. पतसंस्था, डाळ मिल, जिनिंग, शाळेची लॅब अशा ठिकाणी जे बिघाड दिसतात, ते कुठल्याही क्लासच्या एसी खोलीत दिसत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की जिनिंगमधला पीसी दुपारी आपोआप बंद पडतो. फॅन आणि हीटसिंकमध्ये कापसाचा तंतू अडकलेला असतो, थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते. पॉवर काढून ब्लोअर मारायचा, पण फॅनचं पातं बोटाने धरून. हवेने ते सुसाट फिरलं की बेअरिंग जातं.

केबलिंग तर शिकाच. नेटवर्क केबलच्या आरजे-४५ कनेक्टरला तारांचा टी५६८बी क्रम असा : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पुष्कळ जण दोन्ही टोकांना जोडीशेजारी जोडी लावून मोकळे होतात. टेस्टरचे आठही दिवे लागतात, सगळे खूश. पण ३ आणि ६ नंबरच्या पिनांवर एकाच पिळाची जोडी हवी असते. या दोन पिनांवर वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा गेल्या की लांब केबलवर नेट रखडतं आणि दोष राउटरवर जातो. पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नका आणि एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. केबलमधूनच वीज घेणारा सीसीटीव्हीचा कॅमेरा दिवसा नीट चालतो आणि रात्री रीस्टार्ट होत राहतो, असा कॉल आला तर आधी केबल तपासा. तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त ॲल्युमिनियमची केबल असेल, तर अंधारात इन्फ्रारेड दिवे लागल्यावर जास्त करंट ओढला जातो आणि कॅमेऱ्यापर्यंत पुरेसा व्होल्टेज पोचत नाही.

विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे अपग्रेडचं काम सध्या भरपूर आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर यादीत बसत नाहीत. नव्या लॅपटॉपवर बायोस अपडेट करण्याआधी किंवा मदरबोर्डला हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) सुरू आहे का, हे बघा. सुरू असेल तर त्याची ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ आधी हातात घ्या आणि मगच पुढे जा. ही ‘की’ नसेल तर डेटा गेला, आणि तो परत मिळवून देणारा कोणी भेटत नाही.

प्रत्येक कॉलची वहीत नोंद ठेवा : तक्रार काय, काय तपासलं, कारण काय निघालं, किती वेळ लागला. ग्राहकाचं नाव आणि पासवर्ड मात्र लिहू नका. पुढे मुलाखतीला हीच वही कामी येते.

दुकानात जे शिकता येत नाही ते म्हणजे कंपनीचं डोमेन, म्हणजे सगळे पीसी आणि युजरची खाती एका सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था. त्याची लॅब घरीच होते. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर निवांत, ८ जीबीत ओढाताण करून भागतं. एकाच लॅपटॉपमध्ये आभासी मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती आणि क्लायंटसाठी, म्हणजे युजरच्या पीसीसाठी, विंडोज एंटरप्राइझची ९० दिवसांची आवृत्ती मिळते. आभासी मशीन सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असणार. सर्व्हरला स्थिर आयपी द्या, ॲक्टिव्ह डिरेक्टरी (युजर आणि पीसींची यादी सांभाळणारी सेवा) बसवा, त्याला डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेनचा मुख्य सर्व्हर, करा, मग क्लायंट जोडा. ‘डोमेन कंट्रोलर सापडत नाही’ असा एरर इथे हमखास येतो, कारण क्लायंटचा डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) राउटरकडे किंवा गूगलच्या ८.८.८.८कडे वळलेला असतो. तो डोमेन कंट्रोलरच्या आयपीवर आणा, लगेच जोडलं जाईल.

मग दहा युजर बनवा, पासवर्ड रीसेट करा, खाती मुद्दाम लॉक करून उघडा. सर्व्हिस डेस्कवर, म्हणजे युजरच्या तक्रारी घेणाऱ्या विभागात, रोज येणारा कॉल हाच : सकाळी पासवर्ड बदलला, दुपारपर्यंत खातं तीनदा लॉक. बहुतेक वेळा युजरच्या मोबाइलमधल्या मेल ॲपमध्ये किंवा विंडोजच्या क्रेडेन्शिअल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड बसलेला असतो आणि तोच वापरून आपोआप पुन्हापुन्हा लॉगिनचा प्रयत्न होतो. कोणत्या मशीनवरून लॉक होतंय, हे डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४७४० सांगतो. मुलाखतीत एवढं नीट सांगितलं तरी समोरचा सावरून बसतो.

आता परीक्षा. कॉम्पटिया ए प्लसचा अभ्यासक्रम सपोर्टसाठी उत्तम आहे, पण तिचे दोन पेपर आणि दोन्हींची फी वेगवेगळी. घरची ऐपत बेताची असेल तर अभ्यासक्रमाची पीडीएफ फुकट उतरवून तीच पाठ्यपुस्तक म्हणून वापरा आणि पैसे दुसरीकडे लावा, असा आमचा सल्ला. नेटवर्किंगची आवड असेल तर सिस्कोची सीसीएनए. परीक्षा २००-३०१, दोन तासांची, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. सरावाला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट आहे. फी अंगावर येणारी असल्यामुळे सबनेटिंग (नेटवर्कचे छोटे भाग पाडायचा हिशेब) कागदाशिवाय जमेपर्यंत बुकिंग करू नका. सर्व्हिस डेस्ककडे जायचं असेल तर आयटीआयएल ४ फाउंडेशन या आयटी सेवा-व्यवस्थापनाच्या परीक्षेतले शब्द, म्हणजे इन्सिडेंट, रिक्वेस्ट, प्रॉब्लेम, चेंज, एवढे तरी पक्के करा. कंपन्या बहुधा ही परीक्षा नोकरी लागल्यावर स्वखर्चाने करून घेतात. क्लाउडची तोंडओळख म्हणून मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० सोपी पडते.

परीक्षा ऑनलाइन, घरून देता येते. पण मधेच लाइट गेली आणि नेट तुटलं तर निस्तरणं अवघड होतं. वरच्या मजल्यावर कोणी बोलत असलं तरी निरीक्षक हटकतो. केंद्रावर जाऊन दिलेली बरी. बुकिंगमधलं नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, मधे वडिलांचं नाव, असा घोळ असतो. तो बुकिंगच्या आधी निस्तरा. पाठ करायला विकत मिळणाऱ्या ‘डम्प’च्या, म्हणजे परीक्षेतून चोरलेल्या प्रश्नांच्या, नादी लागू नका. पकडले गेलात तर प्रमाणपत्र रद्द होतं, आणि नाही पकडले गेलात तरी मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडे पडता.

इंग्रजीची भीती अहिराणी बोलणाऱ्यांनाच असते असं नाही, पण ती घालवावी लागते. फाडफाड बोलायची गरज नाही. युजरचा प्रश्न परत सांगून खात्री करणं, एका वेळी एकच सूचना देणं आणि होल्डवर ठेवण्याआधी विचारणं, एवढी पंधरा-वीस वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून घोटा. तिकीट, म्हणजे तक्रारीची कंपनीच्या सिस्टिममधली नोंद, लिहायचा सरावही करा. ‘प्रिंटर प्रॉब्लेम, सॉल्व्ह्ड’ हे तिकीट नव्हे. असं लिहा : ‘अकाउंट्समधल्या एकाच युजरचा प्रिंट अडकतो, इतरांचा निघतो. प्रिंटर पिंगला उत्तर देतो. स्पूलर सर्व्हिस थांबवली, स्पूलच्या प्रिंटर्स फोल्डरमधली अडकलेली फाइल काढली, सर्व्हिस सुरू केली. चाचणी प्रिंट निघाला, युजरने खात्री दिली.’ नेटवर्कच्या प्रश्नालाही असाच क्रम लावा : केबल, आयपी, गेटवे, बाहेरचा पत्ता, मग डीएनएस. आयपी १६९.२५४ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून (आयपी आपोआप वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ताच आलेला नाही, गेटवे पिंग करत बसू नका.

ऑफर आली की वर्षाचा आकडा बारांनी भागून खूश होऊ नका. २ लाख ४० हजारांचं सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे महिना २० हजार. त्यातून कंपनीच्या वाट्याचे पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) आधीच वजा होतात. मग तुमचा पीएफ, तुमचं ०.७५ टक्के ईएसआयसी आणि पुरुषांना २०० रुपये व्यवसाय कर. मूळ पगार १० हजार धरला तर हातात साधारण साडेसोळा हजार पडतात. पुण्यात कॉट बेसिसची खोली, मेस आणि बस यांचा हिशेब त्यातच बसवायचा आहे. रात्रपाळीला कंपनीची कॅब आहे का, हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारा.

नोकरी थर्ड पार्टीच्या, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या, पेरोलवर असली तरी हरकत नाही, सुरुवात अशीच होते. पण ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ मागणाऱ्याला किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. ‘१०० टक्के जॉब गॅरंटी’ म्हणून लाखभर फी घेणाऱ्या क्लासला गॅरंटी लेखी मागून बघा, सूर लगेच बदलतो. खोटं अनुभवपत्र विकणारेही भेटतील. पडताळणीत यूएएनवरून (पीएफच्या कायम क्रमांकावरून) पीएफची नोंद बघितली जाते, आणि दोन वर्षांचा अनुभव दाखवून खात्यात एकही भरणा नसला तर लागलेली नोकरी जाते. दुकानातले सहा महिने दुकानाचे म्हणूनच लिहा, मालकाकडून लेटरहेडवर साधं पत्र घ्या. पहिल्या नोकरीपासून ऑफर लेटर, प्रत्येक महिन्याची सॅलरी स्लिप आणि रिलीव्हिंग लेटर यांच्या प्रती स्वतःच्या मेलवर जमा करत जा. कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो.