ऑस्टिओपॅथीच्या रिसर्चसाठी ग्रँट मागायची आहे? मग आधी ही तयारी करा

दीर्घकालीन आजारात ऑस्टिओपॅथीचा, म्हणजे स्नायू आणि सांधे हाताने दाबून, हलवून करायच्या उपचाराचा, कितपत उपयोग होतो हे तपासायला अमेरिकेत फंडिंग मागणार असाल तर फॉर्म उघडायच्या आधी एक साधा कागद घ्या आणि त्यावर लिहा, उपचार कोण करणार, कुठली टेक्निक, एक सेशन किती मिनिटांचं, एकूण किती सेशन, आणि ज्या पेशंटना हा उपचार मिळणार नाही त्यांना त्याच्या जागी नेमकं काय मिळणार. हे पक्कं नसेल तर पुढची सगळी धावपळ वाया जाते, कारण रिव्ह्यूअर (अर्ज तपासणारा तज्ज्ञ) पहिल्यांदा इथेच बोट ठेवतो.

त्यातही सुरुवातीलाच ठरवायचं ते हे, की तुम्ही फक्त हाताने केलेला उपचार तपासताय की डीओ (ऑस्टिओपॅथीची पदवी असलेला) डॉक्टर पेशंटला जशी एकूण ट्रीटमेंट देतो ती सगळी. अमेरिकेत डीओ हा पूर्ण लायसन्सचा डॉक्टर, औषधं लिहितो, ऑपरेशनही करतो, त्यामुळे "आम्ही ऑस्टिओपॅथिक अप्रोच तपासू" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. डायबेटिसच्या पेशंटची शुगर कमी झाली तर ती हातामुळे, औषधामुळे, की डॉक्टरने जास्त वेळ दिला म्हणून?

आता कंट्रोल ग्रुप, म्हणजे ज्यांना हा उपचार मिळणार नाही ते तुलनेचे पेशंट, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण या विषयात सगळ्यात अवघड तेच आहे. गोळीसारखी दिसणारी खोटी गोळी बनवता येते पण खोटा स्पर्श कसा बनवणार, आणि उपचार करणाऱ्याला तर माहीतच असतं तो काय करतोय, म्हणजे डबल ब्लाइंड (कोणाला काय मिळतंय हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसणं) विसराच. फ्रान्समध्ये ४०० कंबरदुखीच्या पेशंटवर मोठी ट्रायल झाली, २०२१ मध्ये छापून आली, त्यात दुसऱ्या ग्रुपला हलका स्पर्श दिला होता, फरक दिसला पण छोटा, आणि पेशंटच्या दृष्टीने त्याला कितपत अर्थ आहे याबद्दल लेखकांनीच शंका घेतली. उलट टेक्सासमधल्या ४५५ पेशंटच्या ट्रायलमध्ये (२०१३) निम्म्याने किंवा त्याहून जास्त वेदना कमी झालेले लोक उपचाराच्या ग्रुपमध्ये ५० टक्के आणि शॅम (खोट्या उपचाराच्या) ग्रुपमध्ये ३५ टक्के होते. तुमच्या अर्जात हे दोन्ही निकाल शेजारी शेजारी यायला हवेत. फक्त आपल्या सोयीचा निकाल दिला तर ते लगेच लक्षात येतं, आणि एकदा विश्वास गेला की बाकीची पानं कोणी मनापासून वाचत नाही. पेशंटला आपण कुठल्या ग्रुपमध्ये आहोत असं वाटतं हे शेवटी विचारायचं, तो प्रश्नही प्लॅनमध्ये आत्ताच घाला.

काय मोजणार हे एकच मुख्य ठेवा. वेदना, हालचाल, झोप, मूड सगळं मुख्य म्हणून टाकायचा मोह होतो, टाळा. १९९९ साली कंबरदुखीवर झालेल्या एका ट्रायलमध्ये दोन्ही ग्रुपचा आराम जवळपास सारखाच होता पण ऑस्टिओपॅथीवाल्यांना औषधं कमी लागली, म्हणून औषधांचा हिशेब दुय्यम मोजमापात तरी ठेवाच. आणि अ‍ॅनालिसिस कसं करणार ते आधी लिहून ठेवा, नंतर नाही. वृद्धांच्या न्यूमोनियावर ४०६ पेशंटची ट्रायल झाली होती, त्यात सगळ्यांना धरून हिशेब केला तर फरक नाही आणि ठरलेला उपचार पूर्ण घेतलेल्यांपुरता केला तर फरक दिसतो, वाचणारे अजून त्यावर वाद घालतात.

सेफ्टीचा भाग दोन ओळीत उरकू नका. सीओपीडीच्या (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) वयस्क पेशंटवर २००८ मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात एका सेशननंतर छातीत अडकून राहणारी हवा थोडी वाढलेली दिसली, म्हणजे हाताचा उपचार आहे म्हणून त्रास होणारच नाही असं धरून चालता येत नाही.

पैसा कुठे मागायचा? छोट्या, सुरुवातीच्या कामासाठी अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशन, मोठ्यासाठी एनआयएच या अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेतलं एनसीसीआयएच, जे पूरक उपचारांचं केंद्र आहे. आर२१ या त्यांच्या छोट्या ग्रँटमध्ये दोन वर्षांत मिळून थेट खर्चाला जास्तीत जास्त २,७५,००० डॉलर, त्यामुळे आधी तिथे पेशंट मिळतात का, टिकतात का, शॅम पेशंटला खरा वाटतो का ते दाखवा आणि मग आर०१ या मोठ्या ग्रँटकडे जा. ग्रँटच्या प्रत्येक जाहिरातीत क्लिनिकल ट्रायल चालते की नाही ते लिहिलेलं असतं, ते सगळ्यात आधी वाचा. आणि तिथल्या प्रोग्रॅम ऑफिसरला एक पानाचं स्पेसिफिक एम्स (अभ्यासाची नेमकी उद्दिष्टं) पाठवून बोला, ते याच कामासाठी असतात, संकोच नको.

बजेटमध्ये लोक हमखास विसरतात तो खर्च म्हणजे उपचार करणाऱ्यांचं ट्रेनिंग आणि ते ठरल्याप्रमाणेच करतायत ना हे मधूनमधून तपासणं, दोन जागी दोन डॉक्टर वेगवेगळं करत असतील तर ट्रायल कशाची झाली? तसंच संख्याशास्त्रवाल्याला सुरुवातीपासून टीममध्ये घ्या आणि त्याचे पैसे धरा.

कागदपत्रं भराभर सांगते. संस्थेचं सॅम (अमेरिकन सरकारची नोंदणी यादी) आणि ईआरए कॉमन्सचं (एनआयएचची अर्जांची ऑनलाइन सिस्टीम) रजिस्ट्रेशन, याला सहा आठवडे किंवा जास्तही लागू शकतात. डेटा शेअरिंगचा प्लॅन, २०२३ पासून लागतोच. एकापेक्षा जास्त सेंटर असतील तर एकच एथिक्स कमिटी कोणती ते ठरवा. ग्रँट मिळाल्यावर पहिला पेशंट घेतल्यापासून २१ दिवसांत ट्रायलची नोंदणी.

जानेवारी २०२५ पासून एनआयएचची तपासणी बदललीय, विषयाचं महत्त्व आणि कामाची काटेकोर मांडणी यांना वेगवेगळे गुण मिळतात, टीमला आणि सोयींना मात्र गुण नाहीत, त्या पुरेशा आहेत की नाही एवढंच बघतात. म्हणून मोठ्या नावांच्या यादीवर पानं घालवू नका, ती जागा कंट्रोल ग्रुपला द्या.

सबमिट शेवटच्या दिवशी नको, कारण चुका निघाल्या नाहीत तर सिस्टीमने जोडून तयार केलेला पूर्ण अर्ज बघायला दोन कामाचे दिवस मिळतात आणि गडबड दिसली तर डेडलाइन जायच्या आत दुरुस्त करून परत पाठवता येतो. आणि नाही मिळाली तर समरी स्टेटमेंट (रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांचा अहवाल) शांतपणे वाचा, एनआयएचमध्ये ३७ महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा टाकता येतं.