मळणीच्या राशीतलं बी धरू नका, उभ्या भातातून निवडा

परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. दुपारनंतर गडगडाट होऊन एक जोराची सर आली की गोव्याच्या खाजनातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतातलं) उंच कोरगुट, म्हणजे खार सोसणारं गावठी भात, आडवं होतं, चिखलाला टेकलेल्या लोंब्यांना कोंब फुटतात. तेव्हा बाकीचं राहू द्या, बी आधी निवडा. दरवर्षी तेच बघतो: सगळं भात कापायचं, मळायचं आणि राशीतलं एखादं पोतं बी म्हणून बाजूला ठेवायचं. त्यात यंत्राच्या पोटात राहिलेलं शेजारच्या शेतातलं भातही येतं. काही वर्षांत शेत भेसळीने भरतं, मग दुकानदार महागडी पिशवी पुढे करतो. ती संकरित असली तर पुढच्या सालाला तिचं बी धरून उपयोग नाही.

निवडणारेही फक्त लांब लोंबी बघतात. तशा चुडाला (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुपक्याला) बहुधा फुटवे कमी, नाहीतर पोचट दाणे जास्त. म्हणून पैदासकार सगळे गुण एकत्र तोलतात. निवड निर्देशांकाची ही रीत 1936 सालची. गोवा धान 1 आणि 2 हे वाण कोरगुटातूनच निवडलेले आहेत. घरी कागद-पेन्सिल पुरे.

शेताचे चार-पाच भाग पाडा. मानशीजवळ (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळ) खार जास्त, तिथला चूड तिथल्याच चुडांशी ताडून बघा. बांधालगतच्या दोन-तीन ओळी सोडा. तिथली भरदार लोंबी मोकळ्या जागेमुळे आलेली असते. आडवा पडलेला चूड बाद. प्रत्येक भागात दहा चुडांना चिंधी बांधा. लोंबीचे फुटवे, भरलेले दाणे, पोचट दाणे मोजून प्रत्येक गुणात 1 ते 10 क्रमांक लावा (सगळ्यात चांगल्याला 1; पोचटात सगळ्यात कमी पोचट त्याला 1) आणि बेरीज करा. बेरीज कमी तो चूड चांगला. समजा एक चूड भरलेल्या दाण्यांत पहिला, फुटव्यांत नववा, पोचटात आठवा, म्हणजे 18. दुसरा तिन्हींत तिसरा, म्हणजे 9. बी दुसऱ्याचं. लोंबी पिकूनही वरचं पान हिरवं असेल तर मी त्या चुडाला एक क्रमांक वर चढवतो. हा आपला माझा अंदाज.

ज्योती या सुधारित वाणाच्या प्रमाणित बियात अशा निवडीने फार मिळणार नाही, भेसळ तेवढी उपटा.

बाकी नेहमीचंच:
- निवडलेले चूड हाताने कापणे, वेगळे झोडणे
- ओलावा 12 टक्क्यांवर आणणे
- पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ. तरंगतं काढून उरलेलं धुणे, सुकवणे
- थायरम (बुरशीनाशक) किलोभर बियाला 3 ग्रॅम चोळणे

टॉनिकच्या बाटलीवर पैसे घालू नका. मानशीकडचं बी मात्र वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी घालून ठेवा. सरदीला (पावसाळी हंगामाला) ते तिथेच पेरायचं आहे.