शर्यतीतून उतरलेला घोडा वावरात आणताना

रेसचा घोडा घ्यायचाच असेल तर दिवाळीनंतर घ्या. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीच्या आगेमागे आटोपतो. मग मुंबईला महालक्ष्मीचा लागतो, तो एप्रिलपर्यंत चालतो. प्रत्येक हंगामाच्या शेवटी मालक हिशेबाला बसतात आणि न जिंकणारे घोडे तबेल्यातून निघतात. एप्रिलमधला घोडा स्वस्तात मिळतो, कधी फुकटही. पण मुंबईच्या दमट हवेतून निघून तो थेट आपल्या विदर्भातल्या ४४-४५ अंशांच्या उन्हात उतरतो, आणि पहिला महिना त्याला जगवण्यातच जातो. नोव्हेंबरात आणला की थंडीचे तीन-चार महिने हाताशी असतात. या घोड्याला सगळ्यात आधी शिकवायचं असतं ते म्हणजे काही न करता उभं राहणं, आणि त्याला थंडीच बरी.

मी कारंजा तालुक्यातला. तरुणपणी पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार म्हणून, म्हणजे घोड्यांची निगा राखायला, लागलो, पुढे पहाटेच्या सरावाला घोड्यावर बसू लागलो. आता वडिलांच्या वावरात असे घोडे आणतो आणि त्यांना सवारीच्या, उडीच्या कामाचे करतो. गावातली पोट्टी विचारतात, "काका, शंकरपटाले बैलासंग नाही पळवत का?" नाही पळवत. वरातीलाही देत नाही.

घेण्याआधी

पहिला प्रश्न एकच विचारायचा, का काढला? "पळत नाही हो" असं उत्तर आलं तर खुश व्हा. मंद घोड्याचे पाय सहसा शाबूत असतात. "थोडा पाय होता, आता बरा आहे" असं कुणी म्हणालं की खाली बसायचं आणि पुढच्या पायाच्या नळीमागून, गुडघ्यापासून खाली, बोटं फिरवायची. नस (डॉक्टर टेंडन म्हणतात ती) ताठ, सरळ आणि गार लागली पाहिजे. मध्येच फुगवटा असेल, हाताला ऊब लागत असेल किंवा दाबल्यावर घोडा पाय ओढून घेत असेल तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका. फाटलेली नस भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. भरली तरी मी असा घोडा उडीला घेत नाही, साध्या सवारीला घेतो.

मग कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालीने आणायला सांगा आणि तुम्ही समोर उभे राहा. घोडा डोकं वर झटकतो तेव्हा जो पुढचा पाय जमिनीवर असतो, तो दुखरा. थरोब्रेड, म्हणजे या रेसच्या घोड्यांची जात, दोन वर्षांचा असतानाच शर्यतीत उतरतो, आणि पाठीचा कणा पुरता भरायला पाच-सहा वर्षं लागतात. म्हणून पाठही बघा. कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे दाबत न्यायचे. पाठ खचवून दात दाखवणारा घोडा काय ते सांगत असतो.

कागदांत घोड्याचा पासपोर्ट (त्याची ओळखपुस्तिका) आणि मायक्रोचिपचा नंबर जुळला पाहिजे. ग्लँडर्सची रक्ततपासणी निगेटिव्ह असल्याचा ताजा कागद मागाच. हा रोग माणसालाही होतो आणि आढळला तर सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. धनुर्वाताची लस झाली का तेही विचारा, घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो, त्यात त्यांचा दोष नाही. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घोड्याचं काम बघणाऱ्या डॉक्टरांचा नंबर तिथून आधीच घेऊन ठेवा, रात्री दोनला शोधत बसू नका.

गाडीत घोड्याचं डोकं तासन्‌तास वर बांधलेलं राहिलं तर नाका-घशातली घाण खाली पडत नाही, ती फुप्फुसात उतरते आणि दोन दिवसांनी ताप येतो. दर चार तासांनी थांबायचं, दोर सैल करायचा, जमिनीलगत पाण्याची बादली आणि गवत ठेवायचं आणि त्याला मान खाली घालू द्यायची. समृद्धीवर गाडी सुसाट पळते म्हणून ड्रायव्हर थांबायला कुरकुरतो. भाडं ठरवतानाच ही अट घाला.

चंदी आणि वैरण

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण घोडे बिघडतात ते बहुतेक इथेच, आणि आळ मात्र स्वभावावर येतो.

रेसच्या तबेल्यात चंदी, म्हणजे दाणा, भरपूर आणि वैरण मोजकी असते. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास झिरपतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. चघळताना सुटणारी लाळच त्या आम्लाला मारते. वैरण कमी म्हणजे चघळणं कमी, आणि पोटात अल्सर. सरावातल्या बहुसंख्य घोड्यांना तो असतो. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावणारा, बरगडीला पाय लागताच शेपूट फटकारणारा, चंदी अर्धी टाकणारा घोडा वाईट चालीचा आहे असं ठरवण्याआधी त्याचं पोट तपासून घ्या. ओमेप्राझोलचा साधारण महिन्याचा कोर्स असतो, डोस डॉक्टरकडूनच घ्यायचा.

आल्या दिवशी चंदी एकदम बंद करू नका. आधी वैरण वाढवा, मग दोन आठवड्यांत चंदी हळूहळू निम्म्यावर आणा. ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला ७ ते ९ किलो कोरडी वैरण लागते, आणि ती दिवसभर थोडी थोडी मिळाली पाहिजे. कुसळं धरायच्या आत कापलेलं कुरणाचं गवत सगळ्यात उत्तम. कुसळं तोंडात रुततात, हिरड्या पिकतात आणि घोडा लगाम घेत नाही. कडब्याची कुट्टी चालते. हरभऱ्याचं कुटार (भुसा) चाळून, पाणी शिंपडून चालतं. सोयाबीनचं कुटार मी देत नाही. त्यात बुरशी हमखास असते, आणि बैल पचवेल ते घोडा पचवत नाही. सरकीची ढेप नाही. हिरवी कोवळी ज्वारी अजिबात नाही. गाईचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य तर चुकूनही नको. त्यात मोनेन्सिन असू शकतं, गाईला चालणाऱ्या मात्रेत ते घोड्याचा जीव घेतं. धुऱ्यावरची (बांधावरची) बेशरम आणि अंगणातली कण्हेर दोन्ही विषारी आहेत, घोडा सोडण्याआधी उपटून टाका.

चंदीत भिजवलेला हरभरा आणि जव, त्यावर रोज मूठभर मीठ. पाणी थंडीत ३०-३५ लिटर, मे महिन्यात त्याच्या दुप्पट.

पोटदुखी ओळखायला शिका. घोडा सारखा कुशीकडे वळून बघतो, पायाने जमीन उकरतो, बसतो-उठतो, लीद थांबते. खाणं काढून घ्या, डॉक्टरला फोन करा, तो लोळत असेल तर हळूहळू फिरवत राहा. बैलाला पाजतात तसं नळ्याने तेल पाजू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं, आणि घोड्याला उलटी होत नाही.

पहिले दोन-तीन महिने

या काळात खोगीर घालू नका. शर्यतीचे अॅल्युमिनियमचे हलके नाल काढून टाका. खूर चांगले असतील तर काही दिवस अनवाणी राहू द्या, नाहीतर लोखंडी ठोका. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी आला पाहिजे. तो आपल्याकडे सहजी मिळत नाही, म्हणून घोड्याच्या आधी नालबंद ठरवा. दातांच्या टोकदार कडा घासून घ्या.

मोकळं सोडण्याची सवय या घोड्याला नसते. वर्षानुवर्षं तो खोलीत राहिलेला, बाहेर निघाला की माणूस धरूनच. त्याला एकदम तीन एकरांत सोडलं तर तो कुंपणापर्यंत भरधाव जाईल, आणि आपल्याकडे कुंपण म्हणजे रोही (नीलगाय) आणि डुकरांसाठी ओढलेली काटेरी तार किंवा झटका मशीनची विजेची तार. बांबूच्या नाहीतर लाकडी बल्ल्यांच्या आडव्या पट्ट्यांचा छोटा वाडा करा, त्यात आधी तासभर, मग अर्धा दिवस. सोबतीला बकरी पुरते. एकटा ठेवलेला थरोब्रेड कुंपणालगत फेऱ्या मारत राहतो आणि अंगावरचं मांस झडतं. बांधून उभं राहणं, दोन्ही बाजूंनी खरारा करून घेणं, ट्रॅक्टर, बंडी, कापूस वेचणाऱ्या बायांचा कालवा, तुरीतून अचानक उठलेला रोही, हे सगळं हातात दोर धरून दाखवायचं.

बसणं आणि लगाम

पाठीवर माणूस त्याला नवा नसतो. नवं असतं ते बसण्याआधी थांबणं. रेसच्या तबेल्यात घोडा चालता असतानाच मोतद्दार स्वाराचा पाय हातात धरून त्याला वर टाकतो. म्हणून पहिला धडा घराच्या ओट्याशी. घोडा ओट्यालगत उभा करायचा, आपण वर चढायचं, पाठीवर हात फिरवायचा, उतरायचं, गुळाचा खडा. एवढंच आठवडाभर. मग पोटावर आडवं टेकायचं आणि उतरायचं. मग बसायचं, काही न करता उतरायचं. एक कान मागे वळवून तो वाट बघतो, की आता हा पळवणार. एक दिवस तो लांब श्वास सोडतो, मान खाली टाकतो, मागचा एक पाय सैल करतो. त्या दिवशी पुढे चालवा.

आता लगाम. शर्यतीत जॉकी लगाम आखूड धरून हात मानेवर टेकवतो. घोडा त्या पकडीवर भार टाकून धावतो, पकड जितकी घट्ट तितका वेग. म्हणजे तुम्ही घाबरून दोन्ही हातांनी खेचलंत की त्याला वाटतं, पळ म्हणतायत. तुम्ही आणखी खेचता, तो आणखी पळतो, आणि गावभर बोभाटा होतो की घोडा वेडा आहे. रिकिबीत उभं राहून पुढे झुकणं म्हणजेही त्याला 'पळ'च. शिवाय जॉकीचे पाय वर दुमडलेले असतात. बरगडीला पोटरी लागणं त्याने अनुभवलेलंच नसतं, आणि तो दचकतो.

म्हणून आधी जमिनीवरून आवाज शिकवायचा. वीस मीटरच्या गोलात लांब दोरावर, 'चल' म्हणजे चल आणि लांबवलेला 'हो' म्हणजे थांब. डावीकडून आणि उजवीकडून फिरवून, एकूण पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही. गोल फिरणं सांध्यांना जड जातं. शर्यतीत एकाच बाजूचं वळण घेऊन अंग एका बाजूने ताठ झालेलं असतं, ती बाजू मोकळी व्हायला महिने लागतात. वर बसल्यावर तोच 'हो' म्हणायचा, श्वास सोडायचा, कंबर जड करायची, मूठ मिटायची आणि लगेच उघडायची. मिटून धरायची नाही. सुटलाच तर एक लगाम बाजूला उघडून मोठ्या गोलात घ्या आणि गोल हळूहळू लहान करा. पहिले दोन महिने चाल आणि दुडकी, बस. खोगीर दर महिन्याला तपासा. रेसचं अंग उतरून नवं अंग भरतं तशी पाठ बदलते, आणि जानेवारीत बसलेलं खोगीर मार्चमध्ये रुततं.

उन्हाळा, पावसाळा आणि उड्या

एप्रिलपासून काम पहाटे साडेपाचला सुरू आणि सातच्या आत बंद. मे महिन्यात मी सुट्टी देतो. पावसाळ्यात काळ्या मातीत घोडा घालू नका. चिखल नाल ओढून काढतो, पाय घसरतो, खुरात कुजतं. मुरमाचा एक गोल करून घ्या, तेवढ्यात सगळं काम भागतं. माश्यांबरोबर सर्रा हा रोग येतो. ताप येतो-जातो, पाय आणि पोटाखाली सूज चढते, घोडा खात असून वाळतो. रक्त तपासा, वाट बघू नका.

उड्या दसऱ्यानंतर. जमिनीवर बल्ल्या टाकून, दोन बल्ल्यांमध्ये सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवून दुडकीने काढायचं. मग दोन बल्ल्या फुलीसारख्या लावून दीड फुटाची उडी. थरोब्रेड उडीला घाबरत नाही, उडीनंतर पळतो. म्हणून प्रत्येक उडीनंतर गोल आणि चाल. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज (घोड्याच्या नेमक्या, शिकवलेल्या चालींचा खेळ) संघाने सुवर्ण जिंकल्यापासून लोक मला विचारतात, हा घोडा तिथे जाईल का? ते युरोपात पैदा झालेले, त्याच कामासाठी घडवलेले घोडे होते. आपला घोडा जिल्ह्याच्या, राज्याच्या मैदानावर उडीला किंवा टेंट पेगिंगला (भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलणं) उतरेल, आणि बसता येणाऱ्या पोराला चांगला शिकवेल. नवशिक्या लेकराला मात्र यावर बसवू नका, त्याला गावठी तट्टू बरा.

देताना घोडा एकटा देऊ नका. पासपोर्ट नव्या मालकाच्या नावावर करून द्या. रोजची चंदी-वैरण आणि 'हो'ची पद्धत कागदावर लिहून द्या, आणि पुन्हा शर्यतीत उतरवणार नाही, विकायचा झाला तर आधी तुम्हाला विचारेल, हे त्याच्याकडून लिहून घ्या. त्यांचा स्वार दोन-चार दिवस तुमच्याकडे येऊन राहिला पाहिजे. तो येत नसेल तर मी घोडा गाडीत चढवत नाही.