डोंगरातल्या भूकंपाला मदत पाठवताय? मग आधी हे वाचा

आमच्या लातूर-धाराशिवकडं भूकंप म्हणलं की 30 सप्टेंबर 1993, विसर्जन करून लोक झोपले अन् पहाटे चारच्या सुमारास माळवदं, म्हणजे मातीची जड सपाट छतं, अंगावर आली. त्यामुळं कुठं डोंगरात भूकंप झाला की इथं लगेच टेम्पो भरायला लागतात. भरा, पण जुने कपडे नको राव, नुसते ढिगारे भिजत पडतात. पैसे द्या, नाहीतर जाड ताडपत्री, दोरी, ब्लँकेट.

पोती छोटी करा. दरडी कोसळून रस्ते बंद होतात, पुढचं सगळं पाठीवर नाहीतर खेचरावर, म्हणून 20-25 किलोच्या वर नको अन् आत काय ते बाहेर मार्करनं मोठं लिहा. नेपाळला 25 एप्रिल 2015 ला 7.8 चा झाला, 12 मे ला परत 7.3 चा, अन् डोक्यावर पावसाळा. पत्रे लवकर पोचलेले बरे, नंतर पक्क्या घरालाही चालतात.

घर बांधताना दगड वाईट नसतो, मातीत नुसता रचलेला दगड वाईट. जाड भिंतीचे दोन पदर असतात, हादऱ्यात ते फुगून सुटतात, म्हणून दर दोन-तीन फुटांवर दोन्ही पदरांत जाणारा लांब दगड टाका, कोपरे गुंफा, दारा-खिडक्यांच्या वरून सलग पट्टा फिरवा, काँक्रीटचा नाहीतर लाकडाचा. छतावर माती चढवू नका, आमच्याकडं गळतंय म्हणून टाकून टाकून थर दोन फुटांवर गेलता.

अन् गाव हलवायचं असंल तर आधी बायकांना विचारा, पाणी किती लांब पडंल ते.